रॅपरचा दगड

काळा दगड, चार बोटं जाड.

तीन चिठ्ठ्या. तिन्हींवर ‘फायनल’, तिन्हींखाली वेगळी सही.

मिस्त्रीच्या बायकोच्या कानांत कापसाचे बोळे.

रविवार, सकाळी दहा, चौक.

मिस्त्रीने नावाचे दगड कोरण्यात तीस वर्षं घालवली होती. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून एकही दगड फुटला नव्हता, आणि हे तो ओळख नसलेल्या माणसांनाही सांगत असे. मग ते रॅपरचं काम आलं. रॅपर एकतिसाव्या वर्षी गेला. चौकात त्याचा दगड बसवायचा होता: वर नाव आणि दोन तारखा, खाली त्याची सगळ्यात चांगली ओळ. नाव आणि तारखा सोमवारीच कोरून झाल्या. ओळ कुठली, एवढंच कुणी ठरवलं नव्हतं.

मंगळवारी बीटवाला आला. पहिल्या अल्बमचे सगळे ठेके त्याचे, त्यामुळे पहिला अल्बम तेवढा अस्सल आणि पुढचं सगळं पाणी घातलेलं, असं त्याचं ठाम मत. मिस्त्रीचा नियम साधा होता: मजकूर कागदावर, खाली सही.

“बाकीच्यांना विचारलंय ना?”

“बाकीचे कोण, काका? मीच तर होतो.”

मिस्त्रीने कोरलं: *गल्ली माझी, जिना माझा, भिंत माझी वही, खडू संपला तेव्हा केली कोळशाने सही.*

बुधवारी रॅपरची ताई आली आणि ओळ वाचून कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. तो कोळसा भिंतीवरून तिनेच घासून काढला होता, महिनाभर. तेच आता दगडात? भावाचं नाव राहणार ते तिच्यावरच्या गाण्याने, असं म्हणत तिने कागद ओढला.

कोरलेलं अक्षर खोडता येत नाही. तेवढा भाग अक्षराच्या तळापर्यंत घासावा लागतो. चौकातली धूळ लक्षात घेऊन मिस्त्रीने अक्षरं चांगली खोल घेतली होती. यंत्र फिरलं, दगडाचा खालचा भाग तीन बोटांवर आला, आणि तिथे उमटलं: *ताईने डबा भरला, ताईनेच दिला रट्टा, ताईपुढे कच्चा पडला गल्लीमधला पट्ठा.*

गुरुवारी चाहत्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आला. दिवसा विमा कंपनीत, उरलेला वेळ अध्यक्ष. शेवटचं, अर्धवट राहिलेलं गाणं हाच खरा वारसा, हे त्याने मिस्त्रीला तक्त्यासकट समजावलं. “घरगुती भांडणं चौकात कशाला लावायची, साहेब?” यंत्र फिरलं. दोन बोटं. *मी गेलो तर शांत नको, आवाज थोडा वाढवा.*

शुक्रवारी बीटवाला परत आला. अर्धवट गाण्याला ठेकाच नाही, त्याला गाणं कोण म्हणतं, असं विचारत तो दगडासमोर बसूनच राहिला. मिस्त्रीने कपाळावर हात मारला. यंत्र फिरलं. एक बोट, आणि खालचा भाग पुन्हा कोरा.

आता मात्र मिस्त्रीचं डोकं फिरलं. शनिवारी दुपारी त्याने तिघांना एकत्र बोलावलं. कागद एक, सह्या तीन, त्याशिवाय छिन्नी उचलणार नाही.

तिघांनी फोन दगडावर ठेवून सगळे अल्बम पहिल्यापासून लावले. बायकोने कापूस शोधला. ताई म्हणाली, बीटवाल्याने भावाला ऐन वेळी सोडलं. बीटवाला म्हणाला, ताईने तीन वर्षं भावाचं एक गाणं ऐकलं नव्हतं. अध्यक्ष मतदान घेऊ म्हणाला. मतदान झालं. तिघांना एकेक मत पडलं.

“तिघंही चुकताय,” मिस्त्री म्हणाला.

तिघं वळले. मिस्त्रीलाही आश्चर्य वाटलं, पण दुपारभर तीच गाणी कानावर आदळल्यावर माणूस कोरा कसा राहणार?

“दुसरा अल्बम, चौथं गाणं. बापाच्या हातावरच्या घट्ट्यांचं. शब्द सोडा, तो मध्ये थांबतो कसा ते बघा.”

“ते तर कुणी ऐकतसुद्धा नाही,” अध्यक्ष म्हणाला.

“ऐकत नाही म्हणून तर सांगतोय. असं येतं बघा.” आणि मिस्त्रीने हातोडीने दगडावर ठेका धरला. एक. दोन. मध्ये थांबला, अगदी रॅपर थांबायचा तितकाच. मग तिसरा.

दगड आडवा तडकला. खालचा पातळ भाग जमिनीवर पडून त्याचे पाच तुकडे झाले. तीस वर्षांचा विक्रम गेला. बीटवाला हळूच म्हणाला, “काका, ठेका मात्र बरोबर होता.”

दुसरा दगड मिळायला वेळ नव्हता. मिस्त्रीने वरच्या उरलेल्या भागाची कड नीट केली, आणि रविवारी चौकातला पडदा बाजूला झाला तेव्हा तिथे फक्त नाव आणि दोन तारखा होत्या. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, वा, फक्त नाव! ज्याला सुचलं त्याला मानलं. ताईने मान लववून ते स्वीकारलं. बीटवाल्यानेही. अध्यक्षाने त्यावर वीस मिनिटं भाषण केलं. मिस्त्री मागे उभा राहून शेजारच्या माणसाला दुसऱ्या अल्बमचं चौथं गाणं समजावत होता.

चार वर्षांपूर्वी रॅपर वडिलांचा दगड करून घ्यायला याच मिस्त्रीकडे आला होता. खाली ओळ कुठली टाकू, असं विचारल्यावर ‘नाव पुरे’ म्हणाला आणि पाच मिनिटांत निघून गेला.