मामांच्या रेडिओतलं लोहचुंबक

शालूचे सासरे शेषराव नागनाथाच्या दर्शनाला औंढ्याला गेले होते. तेवढ्या दोन तासांत त्यांच्या रेडिओचं काळीज काढून घ्यायचं होतं. त्यांचा मुलगा नरसिंग स्क्रू फिरवत होता आणि शालू मांडीवरच्या तान्हीला पाजत दाराकडे नजर लावून बसली होती.

“अहो, मामांना कळलं म्हणजे?”

“कळायला रेडिओ लावावा लागतो. आज त्यांचा तापाचा दिवस हाय. दुपारपासून पडून राहतेत बघ.”

रेडिओ साधासुधा नव्हता. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावरून शेषराव मुकादम म्हणून निवृत्त झाले, तेव्हा साऱ्या मजुरांनी मिळून तो दिला होता. आणि तापही साधासुधा नव्हता. महिनाभर एक दिवसाआड, दुपारी, हुडहुडी भरवत यायचा. पण शेषराव त्याला ताप म्हणतील तर शपथ. “धरणाचं पाणी पिऊन म्हातारा झालो. इथले मच्छर मला वळखतात!”

गावच्या दवाखान्यात रक्ताच्या काचा तपासायचं काम नरसिंगकडेच होतं. त्यानं तीनदा वडिलांच्या बोटाचा थेंब घेतला, तीनदा डोळे फाडून पाहिलं, तीनदा काच कोरी. “रिपोर्टात न्हाई, मंग गोळ्या काहून?” असं म्हणून शेषरावांनी विषय संपवला होता. तरी शालू रोज गोळी त्यांच्या हातावर ठेवायचीच, पण ताप काही हटेना.

परवाच मामांनी खांद्यावरची नात शालूकडे परत दिली होती. “धर हिला. हात भरवशाचे न्हाईत आज,” एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

म्हणून तर हा उद्योग. नरसिंगनं एका मासिकात वाचलं होतं, की परदेशात लोहचुंबकानं रक्तातल्या पेशी वेगळ्या काढतात. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरतो, आतलं लाल खातो आणि लोहाचा काळपट चुरा मागं ठेवतो. अशी पेशी लोहचुंबकाकडे ओढली जाते, निरोगी पेशी आपली वाहून जाते; म्हणजे एका थेंबात न सापडणारे थोडेसे जंतूही चमचाभर रक्तातून गोळा करता येतात. शालूला हे ऐकूनच नवल वाटलं. माणसाच्या अंगात एवढं सारं चाललेलं असतं, आणि माणूस खुशाल रेडिओ ऐकत बसतो!

नरसिंग लोहचुंबकासकट स्पीकर पिशवीत घालून दवाखान्यात गेला आणि तासाभरात तोंड पाडून परत आला. दुसऱ्या एका रोग्याचं, खात्रीचं हिवतापाचं रक्त त्यानं नळीतून लोहचुंबकाजवळून सोडलं होतं. एक पेशी अडकली असेल तर हराम.

“अहो, चहा ओतताना पत्ती भांड्याच्या कडंला चिकटते का?” शालू म्हणाली. “मधी गाळणी लागते की. लोखंडाचीच बसवा, लोहचुंबकाचा जोर तिच्यात उतरंल.”

नरसिंग उठला आणि लोखंड कातणाऱ्या मोहनसिंगच्या लेथवरून केसासारखा बारीक लोखंडी कीस घेऊन आला. शालूनं तो सोड्याच्या पाण्यात खळखळून धुतला, वाळवला, काचेच्या नळीत हलक्या हातानं भरला. या खेपेला त्या रोग्याच्या पेशी अडकल्या. नरसिंगनं वाटेतूनच हाक मारली, “धरलं गं, धरलं!”

आता फक्त मामांचं चमचाभर रक्त हवं होतं. पण चौथ्यांदा बोट पुढं करणार नाही, अशी त्यांनी नागनाथासमोर शपथ घेतलेली.

संध्याकाळी शेषरावांनी रेडिओचं बटण फिरवलं. दिवा लागला, पण आवाज नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवे सेल आणले. तरी आवाज नाही. दुपारी ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसले आणि शालू लगबगीनं पुढं झाली.

“मामा, थरथरून राहिले तुमी. जरा पडा की.”

“रागानं थरथरून राहिलो! एवढा खणखणीत आवाज गेला कुठं?”

“दात बी वाजून राहिले.”

“ते बी रागानंच!”

रेडिओची मागची पाठ निघाली. आत स्पीकरच्या जागी भलं मोठं भोक. शेषरावांनी त्यात हात घातला, हात थरथरला, आणि पत्र्याच्या कडेनं अंगठा कापला. रक्ताची धार लागली. शालूनं तान्हीला झोळीत टाकलं आणि कोनाड्यातली नरसिंगनं ठेवलेली, रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची बाटली नेमकी धारेखाली धरली.

“अगं, फडकं बांध आधी! बाटली काहून धरतीस?”

“सांडू देऊ का मामा? कष्टाचं रगत हाय तुमचं.”

शेषरावांना ते मनापासून पटलं. त्यांनी अंगठा अजून थोडा दाबून दिला.

नरसिंगनं सायकल दवाखान्याकडे हाणली. साधी काच चौथ्यांदाही कोरीच निघाली. मग त्यानं रक्त शालूच्या गाळणीतून सोडलं, लोहचुंबक बाजूला घेतलं, कीस धुऊन उरलेला थेंब काचेवर पसरला. सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि धावत घरी जाऊन वडिलांना दवाखान्यात घेऊन आला. मागून तान्हीला कडेवर घेऊन शालू.

शेषराव बराच वेळ वाकून बघत होते.

“हे माझ्यातले?”

“व्हय दादा.”

“यांना धरलं कुणी?”

नरसिंगनं मान खाली घातली. “तुमच्या रेडिओतल्या लोहचुंबकानं. आन शालूच्या गाळणीनं.”

शालूनं पदर सावरला. शेषराव सरळ झाले, सुनेकडे बघितलं आणि म्हणाले, “गोळ्या आण, सूनबाई. कोंबड्यायला सांग, आता त्यांच्या वाट्याला येणार न्हाईत.”

म्हणजे आजवरच्या गोळ्या कोंबड्यांनी खाल्ल्या होत्या तर!

पंधरा दिवसांनी नात पुन्हा आजोबांच्या खांद्यावर होती आणि स्पीकर रेडिओत. अंगणात शेजारीपाजारी जमले. शेषरावांनी बटण फिरवलं. पण लोहचुंबकाला थोडा कीस चिकटून राहिला होता. बातम्या देणारा असा कापऱ्या, चिरक्या आवाजात बोलू लागला, की जणू तीन गोधड्यांखालून बोलतोय. नरसिंगचा चेहरा उतरला. शालूनं डोळे मिटून घेतले.

शेषरावांनी कान देऊन ऐकलं. नातीच्या पाठीवर थोपटणारा त्यांचा हात आता जरासुद्धा थरथरला नाही.

“बिचारा! याला बी एक दिवसाआड येऊन राहिला वाटतं. याचं रगत तपासा कुणीतरी.”

नरसिंग घाईनं उठला.

“तू बस,” शेषराव म्हणाले. “तुला तीनदा सापडला न्हाई. सूनबाई, तू बघ.”