रविवारचा बिघाड

मल्लू अण्णा जीपमध्ये बसून छत्री उघडतात. पाऊस नसतो, आणि असला तरी जीपला टप असतो. भर दुपारी ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं, काळी छत्री उघडून समोरच्या मीटरच्या काट्यांवर ओढून घ्यायची आणि आत गप्प राहायचं. बाहेरून धोतराचा सोगा आणि एक चप्पल तेवढी दिसते. कुणी नुसतं खाकरलं तरी छत्रीतून आवाज येतो, "गप ऱ्हावा रं जरा. दिवा बोलालाय."

हे सगळं माझ्या गॅरेजच्या दारात चालतं. गॅरेज माझं, बोर्डावर नाव माझं, आणि गर्दी जमते ती त्यांना बघायला. आता तुम्हीच सांगा, माझ्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

दिव्याचं आधी सांगतो. जुन्या पेट्रोल जीपमध्ये काट्यांच्या शेजारी इंजिनाचा एक पिवळा दिवा असतो. बॉनेटखाली एक बारका प्लग असतो, त्यातली दोन टोकं तारेनं जोडली की हा दिवा मिचकायला लागतो. एकदा मिचकला, थांबला आणि मग चारदा मिचकला, तर बिघाड चौदा नंबरचा. एकदा आणि मग दोनदा, म्हणजे बारा, म्हणजे सगळं ठीक. उन्हात ते मिचकणं दिसत नाही, म्हणून छत्री. आणि टोकं जोडायला तार कसली, तर आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, केसातला आकडा.

माझ्याकडं स्कॅनर आहे. कोल्हापूरहून आणलेला, रंगीत पडद्याचा, काळ्या पेटीत ठेवतो. नवीन गाडीला लावला की बिघाड नावासकट पडद्यावर येतो. पण ह्या जुन्या जीपांना तो लावायचं भोकच नाही. एकदा मी अडॅप्टर शोधून लावून बघितला, तर अर्धा तास फिरून त्यानं सांगितलं की गाडीच सापडत नाही. गाडी समोर उभी. त्या दिवशी मी तो पेटीत घातला आणि पेटी कपाटात.

मल्लू अण्णा मुळात मेकॅनिक नव्हेतच. वडगावातले विणकर. चाळीस वर्षं साड्या विणल्या, घरात दोन माग होते. माग विकले त्या वर्षी ह्या माणसानं एक जुनी जीप घेतली आणि मागाच्या खोलीची भिंत फोडून ती आत उभी केली. आख्खं वडगाव म्हणालं, अण्णा गेलं कामातनं. जीपबरोबर बिघाडांच्या यादीचा एक फाटका इंग्रजी कागद आला होता. तो त्यांनी शाळेतल्या एका मास्तरांकडून वाचून घेतला, पाठ केला, आणि वर त्याची नक्षी केली. साडीचा काठ बसवायला चौकोनी आखलेली वही असते ना, त्या वहीत. दिवा पेटला की चौकोन भरायचा, विझला की रिकामा सोडायचा. नंबर ते तोंडानं सांगतच नाहीत. "एक उचल, दाब, चार उचल," असं पुटपुटतात आणि पेन्सिल चालवतात.

तारेला ते तार म्हणत नाहीत, धागा म्हणतात. कुठलीही गाडी आली की पहिलं वाक्य ठरलेलं, "धागा कुटं तुटलाय ते बघा, बाकीचं कापड चांगलं हाय." आणि बिघाड सापडला की छत्री मिटून म्हणणार, "आयतु." म्हणजे कानडीत झालं. हा शब्द ऐकला की आजही माझं डोकं सटकतं.

खरी आग लागली ती कणकुंबीच्या बागायतदारांच्या जीपमुळं. जंगलातल्या चढाला गाडी आचके देते आणि पेट्रोल पिते, अशी तक्रार होती. मी चार दिवस झटलो. प्लग बदलले, पंप बदलला, टाकी धुतली. पाचव्या दिवशी मल्लू अण्णा सायकलवरून चाललेले. थांबले. छत्री सायकललाच होती.

दहा मिनिटांत, "आयतु."

"काय झालं?" बागायतदार म्हणाले.

"इंजिनला थंडी वाजालीया," अण्णा म्हणाले. "पाणी किती तापलंय ते सांगणारा धागा गंजलाय. मग मेंदूला वाटतंय, इंजिन अजून गारच हाय. म्हणून ते बिचारं पेट्रोल वतालंय, वतालंय."

गंजलेलं टोक कापून त्यांनी दोन तारांना विणकराची गाठ मारली, वर टेप गुंडाळला. गाडी सरळ चढाला लागली. त्यांनी घेतलं काय, तर एक कप चहा. तोही माझ्याकडचा.

बागायतदारांनी खानापूरपर्यंत डांगोरा पिटला. तेव्हापासून चिखलात जीपा घालणारी सगळी हौशी मंडळी माझ्या दारात येतात आणि मलाच विचारतात, "मल्लू अण्णा हितंच भेटतात काय हो?" माझी बायको सुमन शहापूरची, विणकराची लेक. ती तर रोज मीठ चोळते. मी मूळचा काकतीचा, शेतकऱ्याचा पोरगा. "तुमाला धाग्यातलं काय कळतंय? अण्णास्नी इचारा की," म्हणते. घरात मिक्सर बंद पडला तरी अण्णास्नी इचारा.

एवढं सगळं मी सहन केलं ते एकाच गोष्टीच्या जोरावर. मल्लू अण्णांना जगातल्या सगळ्या जीपांचे बिघाड सापडतात, फक्त स्वतःच्या जीपचा सापडत नाही. दोन वर्षं झाली, दर रविवारी दहाच्या सुमाराला ते आपली जीप आचके देत घेऊन येतात आणि पडेल चेहऱ्यानं म्हणतात, "दत्ता, मला न्हाय बा गावंना. तू बघ."

काय सुख होतं त्यात. मी हात पुसत सावकाश उठायचो. "बसा अण्णा. बघतो," असं जरा वरच्या आवाजात म्हणायचो, म्हणजे रस्त्यावर ऐकू जावं. कधी सैल प्लग, कधी निसटलेली नळी. दर वेळी मला सापडायचं. तोवर अण्णा स्टुलावर बसून चहा प्यायचे, सुमननं आणलेलं भडंग खायचे, तिच्या माहेरची विचारपूस करायचे. आणि मी गिऱ्हाइकांना हमखास ऐकवायचो, "मल्लू अण्णा सोताची गाडी आमच्याकडंच आणतात." ह्या एका वाक्यावर मी दोन वर्षं ताठ मानेनं जगलो.

गेल्या महिन्यात एका रविवारी सुमननं दही आणायला कोपऱ्यावर पाठवलं. तिथं चिंचेखाली अण्णांची जीप उभी. बॉनेट वर. मी हाक मारणार, एवढ्यात बघितलं, अण्णांनी आत हात घातला, तारेच्या टोकाचा एक प्लग उपसला आणि बाजूला लोंबकळत सोडला. मग आत बसून गाडी चालू केली. ती आचके द्यायला लागली. नीट बिघडलीय ना, हे त्यांनी कान देऊन ऐकलं, समाधानानं मान हलवली आणि जीप माझ्या गॅरेजकडं वळवली.

मी दही न घेताच परत आलो.

"दत्ता, न्हाय बा गावंना," अण्णा म्हणाले.

मी दोन मिनिटांत प्लग बसवला. पण अंगाची लाही लाही होत होती. म्हणजे दोन वर्षं हा माणूस माझी शिकवणी घेत होता. पोराला सोपी गणितं घालावीत तसे बिघाड घालत होता, आणि मी ते सोडवून गावभर छाती फुगवत होतो. अण्णा चूळ भरायला मागं गेले तेव्हा मी त्यांची ती चौकोनांची वही सीटवरून उचलली आणि टायरांच्या ढिगात दडपली. चोरी केली, सरळ सांगतो. त्या वहीत पुरावा असणार होता. पुढच्या रविवारी कणकुंबीचे बागायतदार गाडी दाखवायला येणार होते. त्यांच्यासमोर वही उघडायची आणि ह्या माणसाला उघडा पाडायचा, असं मी ठरवून टाकलं.

दुपारी जेवण झाल्यावर वही सुमनपुढं टाकली. मला त्या चौकोनांतलं काही कळत नव्हतं. तिनं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.

"एका वळीला एक दिवस हाय," ती म्हणाली. "सोमवार, एक उचल, दाब, दोन उचल. मंगळवारी तेच. बुधवारी तेच."

"म्हणजे बारा. गाडी ठीक."

"शनवारपातूर ठीक. रविवारी तेवढं येगळं. परत सोमवारी ठीक." तिनं पानं उलटली. "सगळ्या वहीत असंच हाय. रविवारीच बिघडतीया."

"बघ," मी म्हणालो. "बघितलंस? मला खेळवत होता."

सुमननं वही माझ्याकडं वळवली. रविवारच्या ओळींपुढं समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काही लिहिलं होतं. एक तास. पाऊण तास, भडंग. दीड तास, सुमननं आंबोळी दिली. दहा मिनिटं, दत्ताकडं गिऱ्हाईक होतं. एका ओळीत बिघाडाचे चौकोन होते, पुढं लिहिलं होतं, गॅरेज बंद, लग्नाला गेल्यात. आणि खाली, परत आलो.

मी आधी समजलो, दुरुस्तीला किती वेळ लागला ते लिहिलंय. सुमनला लगेच कळलं होतं.

"आक्का निपाणीला लेकीकडं गेल्या त्याला दोन वरसं झाली," ती म्हणाली. "नातवंडं सांभाळाय. त्या कुटल्या परत येत्यात आता."

माग होते तेव्हा त्या घरात दिवसभर खटखट असायची, दारावरून जाताना एकमेकांशी ओरडून बोलावं लागायचं. आता आत एक जीप आणि एक माणूस. सोमवार, ठीक. मंगळवार, ठीक. रोज सकाळी छत्री उघडून त्या गाडीला विचारायचं आणि तिनं सांगायचं, सगळं ठीक आहे.

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्यातही थोडा राग होताच. नुसतं येऊन बसायचं होतं तर बसायचं की. गाडी कशाला बिघडवायची? सुमनला तसं म्हणालो.

"तुमी तरी बिनकामाचं कुणाकडं जाऊन बसताय?" ती म्हणाली.

पुढचा रविवार आला. बागायतदार आधीच येऊन खुर्चीवर बसले होते. दहाला जीप आचके देत दारात आली.

"दत्ता, न्हाय बा गावंना," अण्णा म्हणाले. आवाज जरा पडलेला होता. वही आठवडाभर शोधत असणार.

मी बॉनेट उचललं. निसटवलेला प्लग समोरच लोंबकळत होता, आंधळ्यालाही दिसला असता. बागायतदार उठून शेजारी आले आणि त्यांनी बोट दाखवलं.

"अहो दत्ता, हे बघा की, हितंच निघालंय."

अण्णा स्टुलावर अर्धवट बसलेले, तसेच थांबले.

"ते तसंच असतंय," मी म्हणालो. "त्येला हात लावू नका."

"अहो, पण उघड दिसालंय की."

"बिघाड निराळा हाय, साहेब. लई अवघड हाय. दुपारपातूर तरी लागंल. अण्णा, आज जेवूनच जावा."

बागायतदारांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही. दोन वर्षं कमावलेली माझी सगळी अब्रू त्या एका नजरेत गेली. खानापूरपर्यंत आता काय डांगोरा पिटला जाणार, ते मला उभ्या उभ्या कळलं. त्यांनी आपली गाडीसुद्धा दाखवली नाही, काम आठवलं म्हणून निघून गेले.

मी टायरांच्या ढिगातून वही काढली. "ही ऱ्हायलती तुमची," म्हणालो.

अण्णांनी वही घेतली, वरची धूळ धोतराला पुसली. माझ्याकडं बघितलं, मग उघड्या बॉनेटकडं. सुमन आतून ओरडली, भाकरी गरम हाय, बसून घ्या.

जेवण झालं, चहा झाला, मग मी प्लग बसवला. अण्णांनी जायच्या आधी वही मांडीवर उघडली, चौकोन भरले, समासात काहीतरी लिहिलं. मी खांद्यावरून वाकून बघितलंच. जेवण, तीन तास, असं लिहिलं होतं.

माझ्या घड्याळात दहापासून अजून अडीचच तास झाले होते.