नानांची बिअरची पारख

नानांनी उभ्या जन्मात बिअरचा थेंब चाखला नव्हता. तरीही कुठल्या देशाची बिअर चांगली आणि कुठली टाकाऊ, याबद्दल त्यांच्याइतकी ठाम मते साऱ्या गल्लीत कोणाची नव्हती. यात नानांचा दोष नाही. नाना वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. खोट्या तराजूवर त्यांनी कधी शिक्का मारला नाही. दोष असलाच तर जावयाचा, आणि थोडाफार गोगलगायींचा.

जावई यंत्रांचे सुटे भाग विकायला देशोदेशी हिंडायचा. लग्नाला तीन वर्षे झाली तरी सासरे-जावयांचे बोलणे म्हणजे "गाडीच्या चाकांत हवा आहे ना?" आणि "आहे", एवढेच. मग एका फेरीहून बिचाऱ्याने मोठ्या हौसेने नानांसाठी बिअरची बाटली आणली. "मी घेत नाही" हे शब्द नानांच्या ओठांवर आले होते, पण मुलगी समोरच उभी होती. नाना "वा" म्हणाले आणि बाटली कपाटात बुटांच्या मागे ठेवून मोकळे झाले.

त्याच आठवड्यात अंगणातल्या डेलियाच्या फुलझाडांवर गोगलगायी पडल्या. नानांचा सगळा जीव त्या डेलियांत. नर्सरीवाला म्हणाला, "बशीत बिअर ओतून वाफ्यात ठेवा. वासानं येतात, पितात, बुडतात." नानांनी बुटांमागची बाटली काढली. सकाळी बशीत बोट ठेवायला जागा नव्हती.

दुपारी जावयाचा फोन आला. "नाना, कशी वाटली?"

"गुणकारी आहे," नाना म्हणाले. खोटे बोलणे त्यांच्या रक्तातच नव्हते.

जावई हरखला. तेव्हापासून दर खेपेला नव्या देशाची बाटली येऊ लागली आणि नानाही आपले मत हातचे न राखता देऊ लागले. "बेल्जियमची उत्तम. ओढ आहे तिच्यात." "जर्मनीची? नाव मोठं, पण कोणी फिरकलं नाही हो." "आयर्लंडची काळीकुट्ट आहे. आत काय पडलंय तेच दिसत नाही." "मेक्सिकोची म्हणजे नुसतं पाणी, जावईबापू. तिच्यासाठी सामानाचं ओझं वाढवू नका."

आमच्या सासऱ्यांची जीभ म्हणजे तराजू, असे जावई मित्रांना सांगत सुटला. महिन्याकाठी येणारा फोन एक दिवसाआड येऊ लागला.

"सांगून टाका हो त्यांना एकदाचं," माई नवऱ्याला म्हणाल्या.

"काय सांगू? ते विचारतात कशी आहे, मी सांगतो कशी आहे. यात खोटं कुठं आलं?" आणि मग जरा खालच्या आवाजात नाना म्हणाले, "किती मोकळेपणानं बोलतात आता माझ्याशी."

माईंनी वाफ्यातली बशी धुवायला घेतली.

पुढे एकदा बिनलेबलची बाटली आली. "देश विचारू नका नाना, फक्त मत सांगा," एवढाच निरोप. नानांनी नेहमीसारखी बशी लावली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन लावला.

"जावईबापू, अशी आजवर झाली नाही. दुसरी बशी लावावी लागली. शेजारच्याही आल्या."

"शेजारच्या?"

"कुंपण ओलांडून आल्या. सकाळी जागच्या हलेनात."

 जावई "थँक्यू, नाना" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

रविवारी मुलगी एकटीच पुढे आली. "नाना, ती बिअर त्यानंच बनवली होती. आमच्या बाथरूममध्ये. उद्या राजीनामा देतोय. घर गहाण टाकून बिअरचा कारखाना काढायचा म्हणतोय. मी आधी नाहीच म्हणत होते. मग म्हटलं, आपले नाना उगाच कशाला चांगलं म्हणत नाहीत."

 माईंनी नानांकडे नुसते पाहिले. तेवढ्यात जावई एका हातात दोन ग्लास आणि काखेत बाटल्यांची पेटी घेऊन आत आला. "नाना, आज आपण दोघं बसू या."

नानांनी त्याला हाताला धरून थेट वाफ्यापाशी नेले आणि बशी दाखवली. "जावईबापू, तुमची बिअर मी कधीच प्यायलो नाही. ह्या पितात."

बशीच्या काठावर एक गोगलगाय होती. जावयाने तिच्याकडे पाहिले. मग तो पालथ्या कुंडीवर बसला.

"बेल्जियमची?"

"ह्यांनाच आवडली."

"आणि त्या शेजारच्या..."

"ह्यांच्यातल्याच." नानांना मान वर करवेना. "फार वाईट वाटतंय मला. तुमच्याशी बोलायला दुसरा विषयच नव्हता हो."

मग नानांनी स्वतः एक बाटली उघडली, ग्लास भरला आणि आयुष्यातला पहिला घोट घेतला. त्यांचे डोळे मिटले ते लवकर उघडेनात.

"कशी आहे?" जावयाने सवयीने विचारले.

"इतके दिवस वाटायचं, त्या बुडून मरतात."

जावयाने ग्लास घेतला, एक घोट प्यायला आणि तोंड पुसले. "मला तर कुठलीच आवडत नाही, नाना. तुम्हाला आवडते म्हणून आणत होतो."

"आणि कारखाना?"

"माझ्या जिभेला कोण विचारतंय? तराजू तुमचा होता."

नानांनी दुसरी कुंडी पालथी घातली आणि ते त्याच्या शेजारी टेकले.

"चाकांत हवा आहे ना?" नानांनी विचारले.

"आहे," जावई म्हणाला, आणि खिशातला राजीनामा काढून त्याने नानांच्या हातात दिला. नानांनी तो फाडून खताच्या खड्ड्यात टाकला.

ती पेटी नर्सरीवाल्याने नेली. गोगलगायींचे औषध म्हणून ती हातोहात खपली. आता जावई नोकरी सांभाळून रविवारी बिअर बनवतो आणि नाना बाटल्या भरतात, मापात थेंबाचा फरक नाही. परवा माल न्यायला आलेल्या नर्सरीवाल्याने सहज एक घोट घेऊन पाहिला.

"वा! अहो, ही माणसांना विका की. कारखाना काढा कारखाना."

जावयाचे डोळे चमकले. नानांनी शांतपणे बाटलीला बूच लावले.

"त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, जावईबापू," ते म्हणाले. "माणूस आहे तो. तोंडावर चांगलंच म्हणणार."