मामा जागेवर नाहीत

रुग्ण, नातेवाईक आणि औषधवाला या तिघांचं ज्यावर एकमत आहे, असं वैद्यकशास्त्रात एकच सत्य आहे: डॉक्टरांचं अक्षर लागत नाही. आमच्याकडच्या रुग्णालयाने या सत्याचा कायमचा बंदोबस्त केला. कागद-पेन हद्दपार झालं, आणि संगणकात नोंदवल्याशिवाय साधी गोळीही द्यायची नाही, असा नियम झाला. अक्षरामुळे होणाऱ्या चुका पहिल्याच महिन्यात शून्यावर आल्या. (इतर चुकांसाठी अहवालात रकाना नव्हता.)

संगणक स्वभावाने काळजीवाहू आहे. डॉक्टरांनी औषध निवडलं रे निवडलं की तो इशारा देतो. रुग्ण साठीच्या पुढचा आहे. गोळी गिळावी लागेल. रुग्णाचं वजन कालच्याइतकंच आहे. एका डॉक्टरांना दिवसाला सरासरी दोनशे चौदा इशारे येतात आणि प्रत्येकाखाली 'मान्य' असं बटण असतं. हात बसलेले डॉक्टर दोनशे चौदाही इशारे एकूण तीन मिनिटांत हातावेगळे करतात. अहवालात याला 'तत्पर सेवा' म्हटलं आहे.

माझे मामा पायाची जखम चिघळून दाखल झाले. सक्त विश्रांती; पाय जमिनीला टेकवायचा नाही. मामांना पेनिसिलिन चालत नाही. तरुणपणी एका इंजेक्शनाने ते जवळजवळ गेलेच होते. दाखल करताना मी हे तीनदा सांगितलं, संगणकाने नोंदवून घेतलं, आणि डॉक्टरांनी नेमकं तेच निवडलं तेव्हा इशाराही दिला. तो त्या दिवसातला एकशे बाविसावा होता.

वॉर्डातल्या वडीलधाऱ्या सिस्टर (सगळे त्यांना आक्का म्हणत) सिरिंज घेऊन आल्या आणि मामांच्या मनगटावरची ॲलर्जीची लाल पट्टी बघून थबकल्या.

"मामा, हे तुम्हाला चालतं?"

"चालतं की. एकदाच."

आक्कांनी सिरिंज खाली ठेवली. पण औषध दिलं नाही तर कारण नोंदवावं लागतं, आणि कारण यादीतूनच निवडावं लागतं. रुग्ण झोपला आहे. रुग्णाने नकार दिला (समुपदेशकाची मंजुरी आवश्यक, पद रिक्त). रुग्ण जागेवर नाही. रुग्ण वारला. 'औषधच चुकलं आहे' हे कारण यादीत नव्हतं, कारण नव्या पद्धतीत औषध चुकत नाही. ते रद्द करायचा अधिकार ज्यांनी नोंदवलं त्याच डॉक्टरांना, आणि ते दोन दिवस प्रशिक्षणाला गेलेले. (विषय: संगणकाचा परिणामकारक वापर. फोन बंद ठेवणे सक्तीचे.) आणि पहिलं रद्द झाल्याशिवाय त्याच कामाचं दुसरं औषध संगणक नोंदवून घेईना.

आक्कांनी तेवीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटी नोंद केलेली नव्हती.

"चला मामा, उठा."

"अहो, पाय टेकवायचा नाही म्हणालात ना?"

"पायाचं नंतर बघू. आधी जागा सोडा."

एका बाजूने मी मामांना धरलं, सलाईनचा दांडा आक्कांनी धरला. वजनकाट्याशेजारी आम्हाला उभं करून त्या आत गेल्या, 'रुग्ण जागेवर नाही' दाबलं आणि परत आल्या. असं दर आठ तासांनी, दोन दिवस. सहाव्या खेपेला मामांच्या अंगात ताप होता आणि सूज घोट्याच्या वर चढली होती.

"भाच्या," मामा भिंतीला टेकून म्हणाले, "आक्कांना म्हणावं, पुढचंच कारण दाबा. निदान फेऱ्या वाचतील."

डॉक्टर परतले. एका बोटाने त्यांनी ते औषध रद्द केलं, दुसरं सुरू केलं. मामांचा जीव वाचला. पायाची दोन बोटं काढावी लागली. त्या महिन्याच्या अहवालात 'रुग्णांची हालचाल' अठरा टक्क्यांनी सुधारली.

मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "अहो, न वाचता 'मान्य' दाबवतं तरी कसं तुम्हाला?"

डॉक्टर मुळीच चिडले नाहीत. मला खोलीत नेऊन त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मामांचं संमतिपत्र. एकोणीस पानं. खाली माझं नाव, 'वाचलं, समजलं, मान्य', आणि लागलेला वेळ: चार सेकंद. सातव्या पानावर लिहिलं होतं, 'प्रत्येक इशारा वाचणं डॉक्टरांना शक्य होईलच असं नाही, याची मला कल्पना आहे.'

मामांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

तुम्ही हसायला हरकत नाही. फक्त आज सकाळपासून फोनवर जे जे मान्य केलंत, त्याच्या सातव्या पानावर कुणाचा पाय आहे, तेवढं एकदा बघून घ्या.