बॅकअपच्या भोकाबाबत

जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाची वेबसाइट आवक-जावक विभागाच्या कारकूनबाईंकडे सोपवली होती, कारण माहितीसुद्धा येते आणि जातेच, असं साहेबांचं मत. एका सोमवारी बाईंना इशारा आला: रोजची नक्कल काढणाऱ्या बॅकअप प्लगइनला भोक आहे, कुणीही उपटसुंभ सगळी नक्कल उचलून नेईल. उपाय एकच, 'अपडेट'चं बटण दाबा.

बाई बटण दाबणार, तोच साहेब कडाडले, "अहो, थांबा! मंजुरी कुठाय?"

"साहेब, गावभराची माहिती आहे. चोरीला गेली तर माझी नोकरी जाईल हो!"

"जाऊ दे ना. पण नियमाने जाईल."

फाइल वर गेली आणि 'भोकाचं माप नमूद नाही' असा शेरा घेऊन खाली आली. मापासाठी समिती बसली. तोवर खबरदारी म्हणून वेबसाइटवर सूचना झळकली: 'बॅकअपला भोक आहे. त्यातून प्रवेश करू नये. आदेशावरून.' भोक नेमकं कुठे, याचा नकाशाही जोडला होता.

तिसऱ्या दिवशी चोर आला आणि सगळं घेऊन गेला. चोरीच्या दुसऱ्याच सकाळी सर्व्हर बसला. बॅकअप काढावा, तर शहाण्यांनी तोही त्याच सर्व्हरवर ठेवलेला! अखेर मनाचा हिय्या करून बाईंनी चोरालाच लिहिलं: 'महोदय, आपण नेलेल्या नकलेची एक नक्कल मिळावी, ही विनंती.'

पाच मिनिटांत उत्तर! "ताई, घ्या. तुमच्याकडे एकशे बारा माणसं जन्माआधीच वारलीत, तेवढं दुरुस्त केलंय."

बाईंची नोकरी वाचली. पण ही गोष्ट फुटली आणि दाखल्यांसाठी लोक थेट चोराकडेच जाऊ लागले. बाईंची नणंदसुद्धा!

"वहिनी, रांग नाही, 'उद्या या' नाही! फक्त बँकेचा नंबर आणि पासवर्ड टाकायचा."

"अगं, तो चोर आहे!"

"असेना का! बोलतो किती गोड!"

कार्यालय ओस पडलं, बाईंची नोकरी पुन्हा टांगणीला. तेव्हा साहेबांनी नियमातून वाट काढली: बाईंना प्रतिनियुक्तीवर चोराकडेच धाडलं, अर्ज तपासायला. बाई तिथे मजेत आहेत.

परवा तुमचा अर्ज त्यांच्या हाती आला. हसू नका, तुमचाच. पासवर्ड म्हणून तुम्ही चक्क स्वतःची जन्मतारीख टाकलीय. चोर बिचारा हळहळला. "ताई," तो म्हणाला, "यांना जरा फोन करून समजवा हो. अशानं यांना कुणीही लुटेल."