आचाऱ्याचा बचाव

येत्या रविवारी आचाऱ्याला मारायचं, असं सात जणांच्या गटाने पाच विरुद्ध एक मतांनी ठरवलं. सातवा सभासद तटस्थ राहिला, कारण त्याचा फोन चार्जिंगला होता. विरोधातलं एकमेव मत आचाऱ्याच्या जन्मदात्याचं, म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या आपल्या कवळीवाल्याचं.

घाबरू नका, आचारी खरा नव्हता. टीव्हीवरची एक अंतराळयानाची मालिका एकेचाळिसाव्या भागात बंद पडली, यान अधांतरी लटकलं, आणि ज्यांना घरी कुणी विचारत नव्हतं अशा सात प्रेक्षकांनी पुढची कथा पाळीपाळीने लिहायला घेतली. प्रमुख होते निवृत्त हेडक्लार्क. निवृत्त झाल्यावर माणसं बागकामाला लागतात, हे पुन्हा फायलींना लागले. मूळ मालिकेत नसलेलं, स्वतःच्या डोक्यातलं पात्र आणायचं तर सात प्रश्नांचा अर्ज भरावा लागे. शेवटचा प्रश्न जीवघेणा होता: 'हे पात्र म्हणजे लेखक स्वतःच नाही कशावरून?'

त्यालाही कारण होतं. पूर्वी एका टकल्या सभासदाने दाट केसांचा, सहा फुटी वैमानिक यानात चढवला होता. दोन भागांत यानातल्या झाडून सगळ्या बायका त्याच्या प्रेमात पडल्या, आणि यान चालवायला कुणी उरेना. शेवटी त्याला उल्केखाली घालावं लागलं.

कवळीवाल्याचा आचारी बिचारा तसला नव्हता. गुडघे दुखायचे, बोलायचा कमी, सगळ्यांची आवडनिवड लक्षात ठेवायचा आणि सगळे उठल्यावर उरलंसुरलं खायचा.

"हा तुम्हीच आहात," हेडक्लार्कांनी फोनवर सुनावलं. "बघा मी किती राबतो, असा चेहरा करून फिरणारा दुसरा कोण?"

"साहेब, देवाशपथ, मी नाही हो!"

"मग रविवारपर्यंत लेखी द्या. नाहीतर यानाच्या स्वयंपाकघरात वायुगळती."

कवळीवाल्याला फार लागलं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या तोंडात बसेल तेवढंच घडवलं होतं. हा एक अख्खा माणूस त्याने स्वतःच्या मनाने घडवला होता, आणि तो मरणार म्हटल्यावर त्याला खरंच रडू येत होतं. कामावर बसून, एका आजोबांची कवळी तशीच ठेवून, त्याने अकरा पानांचा खुलासा फोनवर लिहून काढला. शेवटचं वाक्य होतं, 'आचारी गेला तर मीही राहणार नाही.' मग डोळे पुसत त्याने यादीतल्या सगळ्यात वरच्या गटाला तो पाठवून दिला.

वरती लेखकांचाच गट होता, एक मिनिटापूर्वीपर्यंत. तेवढ्यात सासऱ्यांनी सुप्रभाताचा गुलाब पाठवला होता, आणि सासरचा गट वर सरकला होता.

पहिला फोन सासऱ्यांचाच. "जावईबापू, एक आचारी गेला तर दुसरा बघू! पण जिवाचं काय बोलता? आणि कार्य कुठलं काढलंय? आम्हाला आमंत्रणसुद्धा नाही!"

मागे सासूबाईंचा हुंदका ऐकू येत होता. त्यांना समजावण्यात त्याचा दीड तास गेला. आजोबा त्या दिवशी पेजेवर राहिले.

संध्याकाळी बायको नोकरीवरून आली. तिने प्रवासात अकराही पानं वाचली होती.

"हा आचारी सगळ्यांचं लक्षात ठेवतो?" तिने विचारलं.

"सगळ्यांचं!"

"आणि त्याला कुणी काही विचारत नाही?"

"तीच तर गंमत आहे त्याच्यात!"

"छान," ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली. कवळीवाला खूश झाला. निदान घरात तरी एक वाचक मिळाला, असं त्याला वाटलं.

रविवारी बैठक त्याच्याच घरी भरली. हेडक्लार्कांनी फाईल उघडली. गटातल्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी वायुगळतीचा नकाशा आणलाच होता. कवळीवाल्याने खुलासा वाचला. त्याचा आवाज कातर झाला, तसे सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"बघा, आचाऱ्यासाठी यांना रडू येतंय," भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "म्हणजे हेच ते."

"साक्षीदार आहे?" हेडक्लार्कांनी विचारलं.

"मी आहे," चहाचा ट्रे ठेवत बायको म्हणाली. "हे आचारी नाहीत. यांना विचारा, घरात मीठ कुठे असतं."

सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे वळले. कवळीवाल्याने फळीकडे बोट दाखवलं. "तो निळा डबा."

"त्यात धुण्याचा सोडा आहे." ती शांतपणे पुढे म्हणाली, "आचाऱ्याला न सांगता कळतं, कोण उपाशी आहे. मागे मी तीन दिवस तापातच यांचा डबा करत होते. यांना चौथ्या दिवशी कळलं, डबा मिळाला नाही म्हणून."

कवळीवाला खाली बघत राहिला. आचारी वाचत होता, पण अब्रू चालली होती.

"मग हा आचारी आहे तरी कोण?" भूगोलाच्या बाईंनी विचारलं.

"गुडघे माझे दुखतात," बायको म्हणाली.

कवळीवाल्याने अकरा पानं पुन्हा उघडली, दोन ओळी वाचल्या आणि फोन खिशात ठेवून दिला. त्याला भयंकर लाज वाटली.

आचारी एकमताने वाचला. मात्र हेडक्लार्कांनी शेरा मारला की पात्राचा खरा धनी सापडल्यामुळे यापुढे लेखन कवळीवाल्याच्या पत्नीनेच करावं. तेव्हापासून दर रविवारी बायको आतल्या खोलीत लिहायला बसते, आणि घरातली माणसं काही हवा खाऊन जगत नाहीत.

महिन्याभराने हेडक्लार्क फाईलवर सही घ्यायला आले. कवळीवाला शेगडीपुढे उभा होता. बोटाला चटका, खांद्यावर फडकं, आणि पातेल्याच्या तळाचं खरवडून खाणं चाललेलं.

"म्हटलं नव्हतं मी?" हेडक्लार्क ओरडले. "आचारी म्हणजे तुम्हीच!"

"नाही हो," आतून बायकोचा आवाज आला. "आचाऱ्याला मी तीन भागांपूर्वीच रजेवर पाठवलंय. हे बदलीवर आहेत."

"बदलीवर? म्हणजे नवं पात्र!" हेडक्लार्कांनी ताबडतोब कोरा अर्ज काढला. "प्रश्न पहिला. या पात्रात घेण्यासारखं काय आहे?"

आत लेखणी थांबली. कवळीवाल्याचा डाव पातेल्यात थांबला. बायकोने बराच विचार केला.

"लिहा," ती म्हणाली, "मीठ सापडायला लागलंय."