गच्चीवरचा चौकोन

श्रमसाफल्य सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या भणगे आबांचं हृदय दुसऱ्या मजल्यावरच्या देवयानी खैरनारच्या उड्यांवर चालत असे.

हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. देवयानी नववीत होती. वर्गातल्या मुली तिला गादी म्हणायच्या आणि ती त्या हाकेला ओ द्यायलाही शिकली होती. मैदानावर सगळ्यांदेखत पळायची तिला लाज वाटे, म्हणून ती आईच्या मोबाईलवर बघून खोलीचं दार लावून व्यायाम करू लागली. साहित्य काही लागत नव्हतं. थोडा वेळ जीव तोडून उड्या, बैठका, पालथं पडून पुन्हा उडी. मग क्षणभर दम. मग पुन्हा तेच. चार मिनिटांत सगळं संपायचं. व्हिडिओतल्या बाई हसत हसत सांगायच्या की या चार मिनिटांचा फायदा शरीराला पुढे कितीतरी वेळ मिळत राहतो. कुणाच्या शरीराला, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

खालून भणगे काकू झाडूच्या दांड्याने छताला ठोकायच्या. दोन ठोके म्हणजे पुरे.

एका संध्याकाळी ठोके आले नाहीत. आबा वारले होते. डॉक्टरांनी तपासून मान हलवली, काकूंनी नाकात कापूस घातला आणि वर देवयानीने, तिला काहीच ठाऊक नसल्यामुळे, पहिली उडी मारली. आबांच्या छातीत धप्प झालं. दुसऱ्या उडीला पुन्हा झालं. फेरी संपली तेव्हा आबा उठून बसले, त्यांनी कापूस काढून बशीत ठेवला आणि चहा मागितला.

डॉक्टरांनी नाडी धरली, वर पाहिलं.

"वर कोण राहतं?"

"खैरनार. मुलगी नाचते त्यांची."

"नाचू दे. थांबवू नका म्हणावं," डॉक्टर म्हणाले आणि बॅग उचलून दुसऱ्या पेशंटकडे गेले.

त्या दिवसापासून काकूंनी छताला ठोकणं सोडलं.

सकाळची फेरी दुपारी एकपर्यंत पुरायची, संध्याकाळची जेवणापर्यंत आणि निजतानाची दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत. प्रश्न फक्त दुपारचा होता. सेक्रेटरी सबनीस यांनी मीटिंग बोलावली.

"एक ते चार सोसायटीत आवाज चालत नाही," ते म्हणाले. "पिठाची गिरणीसुद्धा बंद ठेवतो आपण. एकाला एक न्याय, दुसऱ्याला दुसरा, असं कसं?"

"पण तेवढ्या वेळात ते जातील ना हो," देवयानीची आई म्हणाली.

"चारला येतीलच की परत," काकूच म्हणाल्या. "तशीही दुपारी झोपायची सवय आहे त्यांना."

ठराव एकमताने मंजूर झाला. तेव्हापासून आबा रोज एक ते चार मृत असत. काकू त्यांच्या तोंडावर पातळ फडकं टाकून शेजारी तांदूळ निवडत बसायच्या. चार वाजता देवयानी उड्या मारायची आणि आबा फडकं बाजूला करून विचारायचे, "कोणाचा फोन आला होता?"

महिन्याभरात आबांचं पोट गेलं. मान ताठ झाली. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून जन्मभर एका खुर्चीत बसलेला माणूस आता भरलेला सिलेंडर खांद्यावर घेऊन जिना चढू लागला. देवयानीचं मात्र काहीच घटलं नाही. उलट जिना चढताना तिला मध्येच टेकावं लागायचं, आणि वर्गात फळ्यावरची अक्षरं कडेकडेने काळी व्हायची.

"आई, मी थोडे दिवस थांबू?" तिने एकदा भाकरी थापणाऱ्या आईला विचारलं.

"चार मिनिटं तर आहेत, देवू." आईने भाकरी उलटली. "तुझ्या चार मिनिटांवर एक माणूस जगतोय. पुण्य आहे ते."

"मला खूप दमायला होतं."

"या वयात कसलं दमणं? माझे गुडघे धड असते तर मीच मारल्या असत्या उड्या."

गप्प बसणं देवयानीला येत होतं. बाबा नोकरीसाठी सुरतेला असायचे आणि फोनवर ती फक्त "बरी आहे" म्हणायची.

एकदा जिन्यात आबा भेटले. त्यांनी लेंग्याचा पाय वर ओढला.

"बघ, पोरी, पोटऱ्या बघ. पंचविशीत नव्हत्या अशा."

देवयानीने पाहिलं. पोटऱ्या छान होत्या. तिला त्या आपल्या पायांवर कशा दिसल्या असत्या, तेही क्षणभर दिसलं.

"आबा," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मी थांबले तर चालेल?"

आबांनी लेंगा खाली सोडला.

"थांब की," ते म्हणाले. "गाडीची वेळ झाली की गाडी सोडावीच लागते. मी किती सोडल्या."

पण दुसऱ्या दिवशी ती उजाडताच उठली, तर आबा खाली अंगणात उभे राहून तिच्या खिडकीकडे बघत होते. हातात घड्याळ होतं. दोघांची नजरानजर झाली. आबांनी घड्याळ मागे लपवलं. देवयानीने केस वर बांधले आणि उड्या सुरू केल्या.

पुढच्या आठवड्यात, संध्याकाळच्या फेरीच्या अगदी शेवटी, ती पालथी पडली आणि उडीसाठी उठलीच नाही.

तेच डॉक्टर आले. त्यांनी तशीच मान हलवली. आईने देवयानीचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तिला काय करावं ते कळेना, म्हणून ती तिच्या केसांतला गुंता सोडवत बसली.

आबा दारात येऊन उभे राहिले. अख्खी फेरी नुकतीच त्यांच्यात उतरली होती, त्यामुळे ते तुकतुकीत दिसत होते. त्यांनी छताकडे पाहिलं. वर गच्ची होती.

"वहिनी, तिला पलंगावर ठेवा," ते म्हणाले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेले.

गच्चीवर धप्प आवाज झाला. देवयानीची छाती हलली. फेरी संपली तेव्हा तिने डोळे उघडले आणि विचारलं, "वाजले किती? आबांची वेळ झाली का?"

पुन्हा मीटिंग झाली. आबांनी गच्चीवर उड्या मारून देवयानीला चालवायचं, मग खाली येऊन पलंगावर पडायचं, आणि देवयानीने उठून आबांना चालवायचं, असं ठरलं. गच्चीवर नेमकी जागा कळावी म्हणून आबांनी देवयानीच्या पलंगाच्या वर खडूने चौकोन आखला. जेवढं मिळायचं तेवढंच जायचं, त्यामुळे दोघांपैकी कुणी आता बारीकही होणार नव्हतं आणि धडधाकटही. सबनीसांनी दुपारचा नियम दोघांनाही लागू केला.

आई मागच्या खुर्चीवरून उठली.

"दुपारी दोघंही पडलेली असणार," ती म्हणाली. "मग चारला पहिली उडी कोण मारणार?"

काकूंनी पदर सारखा केला.

"ते आता तुमचं घरगुती आहे, खैरनार वहिनी," सबनीस म्हणाले.

दुसऱ्या दिवशी देवयानी शाळेतून आली, जेवली. आडवी होण्याआधी तिने उद्याचं दप्तर भरलं आणि गणवेश खुंटीला अडकवला. आईने झाडू तिच्या उशाशी उभा केला.

"जाग आली की छताला ठोक. दोन वेळा."

"तुझे गुडघे, आई?"

"झोप आता."

एक वाजता सगळी सोसायटी शांत झाली. आईने पातळ फडकं हातात घेतलं, तशीच थोडा वेळ बसली आणि मग ते घडी करून ठेवून दिलं. तोंड न झाकलेल्या मुलीकडे बघत ती तीन तास बसून राहिली.

चारला ती गच्चीवर गेली. ऊन उतरलं नव्हतं. तिने पदर खोचला, चपला काढल्या आणि चौकोनात उभी राहून उडी मारली. गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. तिने दुसरी मारली. बैठक जमेना तेव्हा कठड्याला धरून मारली. मुलीला बंद दाराआड रोज काय होत होतं, ते तिला पायांतून कळत होतं. कुणाला तरी शिव्या द्याव्यात असं तिला वाटलं, पण तेवढा दम नव्हता.

ठोके येत नव्हते. चार मिनिटं संपली. ती थांबली नाही.

मग तळव्यांखाली हलकासा एक ठोका आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

आई टाकीच्या पायरीवर बसली. छातीत डावीकडे काहीतरी रुतल्यासारखं होत होतं. श्वास येईपर्यंत खाली देवयानीच्या उड्या सुरू झाल्या होत्या आणि त्याखाली काकू आबांना सांगत होत्या की कोणाचाही फोन आला नव्हता.

उतरण्यापूर्वी आईने कोपऱ्यातला खडू उचलला. आपला पलंग कुठे येतो, ते पावलं टाकून मोजलं आणि तिथे दुसरा चौकोन आखून ठेवला.